स्टॉक फोटोग्राफी : फोटो ऑनलाइन ठेवायचे कुठे आणि विकायचे कुठून?

टणटणी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

नोकरी सांभाळून सातारा, जावळी, पाटण या पट्ट्यात फोटो काढत असतो. रानफुलं, शेतीची कामं, आठवडी बाजार, जत्रा. शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक या तयार फोटो विकणाऱ्या एजन्सींवर बरेच चढवलेत. महिन्याकाठी चहा-वडापावचा खर्च निघतो, पेट्रोलचा नाही.

आता डोक्यात असं आहे की पैसे भरून एखादी चांगली फोटो होस्टिंग सेवा घ्यावी, सगळा संग्रह तिथे नीट लावावा आणि ज्याला हवा त्याला तिथूनच थेट विकावा. फ्लिकर प्रो, स्मगमग, फोटोशेल्टर ही नावं ऐकून आहे. एक मित्र म्हणतो, कशाला पैसे घालवतोस, गूगल ड्राइव्हची लिंक पाठव की. दुसरा म्हणतो, नेटवर टाकलास की चोरीला गेलाच समज.

ज्यांनी हा उद्योग केलाय त्यांनी जरा सविस्तर लिहा. कॅमेरा कुठला घ्यावा हा प्रश्न नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बेरकी_बोका

वाखु (वाचनखूण) साठवली. पाचव्या प्रतिसादापर्यंत निकॉन-कॅनन निघतं की नाही ते बघत बसलोय.

निवडुंग

टणटणी, एजन्सी आणि होस्टिंग या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा. एजन्सी गिऱ्हाईक आणते आणि त्याबद्दल मोठा वाटा कापून घेते. शटरस्टॉकवर जून २०२० पासून फोटोवाल्याला १५ ते ४० टक्के अशा पायऱ्या आहेत, दर १ जानेवारीला सगळे पुन्हा तळाच्या पायरीवर, आणि डाउनलोडला कमीत कमी १० सेंट. अडोबी फोटोला ३३ टक्के देते. होस्टिंगवाला गिऱ्हाईक आणत नाही. तो जागा देतो, पान देतो, फार तर पैसे घ्यायची सोय करून देतो. वाटा कमी कापतो, पण गिऱ्हाईक शोधायचं काम तुमच्या डोक्यावर.

आणि ही जागा भाड्याची आहे. घरमालक बदलला की नियम बदलतात. फ्लिकरचंच बघा. २००४ मध्ये व्हँकुव्हरला सुरू झालं, २००५ मध्ये याहूने घेतलं, २०१३ मध्ये प्रत्येकाला एक टेराबाइट फुकट वाटलं. २०१८ मध्ये स्मगमगने विकत घेतलं आणि त्याच वर्षअखेरीस मोफत खात्याला १००० फोटोंची मर्यादा जाहीर झाली. फोटोबकेट या होस्टिंग साइटने २०१७ मध्ये बाहेरच्या साइटवर फोटो दाखवायचे वर्षाला ३९९ डॉलर मागितले, आणि जगभरातल्या फोरमवर फोटोंच्या जागी राखाडी चौकोन दिसायला लागले. गूगलचे पिकासा वेब अल्बम २०१६ मध्ये बंद. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला संपली. मराठी संस्थळांवरचे जुने भटकंतीचे धागे उघडा, निम्म्या ठिकाणी ‘हा पाहा सूर्यास्त’ लिहिलंय आणि खाली काहीच नाही.

विक्रीची सोयसुद्धा अशीच उचलून नेतात. फ्लिकरवरचे निवडक फोटो गेटी या एजन्सीमार्फत विकायचा करार २००८ मध्ये जाहीर झाला, २०१४ मध्ये संपला. ५००पीएक्स ही फोटो साइट २०१८ मध्ये व्हिज्युअल चायना ग्रुपने घेतली आणि ३० जून २०१८ ला स्वतःचं मार्केटप्लेस बंद करून टाकलं. ज्यांची सगळी लायसन्सिंग, म्हणजे फोटो वापरायचे परवाने विकणं, तिथून चालायची, त्यांना पुन्हा श्रीगणेशा.

म्हणून रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) आणि पूर्ण मापाच्या तयार फाइली घरी दोन डिस्कवर ठेवा, आणि तिसरी प्रत दुसऱ्या गावात, भावाकडे, मामाकडे, कुठेही. होस्टिंगवर जे चढवलंय त्याला बॅकअप धरू नका.

सदूभाऊ_कोरेगावकर

निवडुंगशी सहमत. पण गिऱ्हाईक आणायचं म्हणजे फार अवघड आहे असं समजून घाबरू नका. मी एजन्सीवर टाकणं जवळपास बंद केलंय. पुण्या-मुंबईची दोन प्रकाशनं, एक बियाणे कंपनी, एक पर्यटनवाला, एवढ्यांच्या जिवावर माझं बरं चाललंय. त्यांना मी होस्टिंगवरच्या पासवर्डवाल्या गॅलरीची लिंक देतो. ते निवडतात, मी बिल पाठवतो, पैसे जमा झाले की डाउनलोड उघडतो. ड्राइव्हच्या फोल्डरात एका फायलीला एक नाव आणि दुसरीला तिसरंच, त्यात साहेबांचा शिपाई प्रिंट काढणार. गॅलरी दिसते तरी नीट.

चोरीचं म्हणाल तर ऐका. माझा कासचा एक फोटो गावातल्या फ्लेक्सवर आला. भावी नगरसेवकांचा वाढदिवस, मागे माझी सगळी जांभळी फुलं, आणि साहेबांच्या डाव्या कानाखाली माझा वॉटरमार्क जसाच्या तसा. पुसायचीही तसदी घेतली नाही. फुकट जाहिरात झाली म्हणायची.

बेरकी_बोका

फ्लेक्सचा फोटो काढून स्टॉकवर टाका, सदूभाऊ. एडिटोरियल म्हणून, बातमीत वापरायला.

पानजुळणी

मी नेहमी वाचनमात्र असते, पण हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. एका शैक्षणिक प्रकाशनात पाठ्यपुस्तकांसाठी चित्रं शोधते. म्हणजे तुम्ही ज्याला गिऱ्हाईक म्हणताय ती मीच.

आम्ही आधी एजन्सीतच शोधतो, कारण परवाना स्वच्छ असतो आणि बिल लगेच मिळतं. पण तिथे आपल्याकडच्या गोष्टी सापडत नाहीत. एका धड्यासाठी पारंपरिक मळणी हवी होती. एजन्सीत पंजाबातले कम्बाइन हार्वेस्टर निघाले, आणि गव्हाची ओंबी हातात धरून कॅमेऱ्याकडे हसणारे शेतकरी. कपडे इस्त्रीचे. मला हवं होतं खळं, मधोमध तिवड्याचा खांब, त्याभोवती फिरणारी बैलांची पात. शेवटी तो फोटो एका होस्टिंग साइटवर मिळाला. अप्रतिम होता. बैलांच्या तोंडाला मुसकीसुद्धा दिसत होती. पण फोटोचं नाव ‘डीएससी’ आणि पुढे आकडा, वर्णन कोरं, प्रोफाइलवर ना मेल ना गाव. तिथल्याच निरोपाच्या पेटीत लिहिलं. उत्तर आलं तोवर पान छपाईला गेलं होतं, फोटोच्या जागी रेखाचित्र टाकून. आणि तो मला सापडलाच कसा, तर कुणीतरी खाली ‘मळणी’ अशी कमेंट केली होती म्हणून.

तेव्हा टणटणी, सेवा कुठलीही घ्या. प्रत्येक फोटोखाली काय आहे, कुठे आहे, कुठल्या महिन्यातलं आहे हे लिहा आणि संपर्क ठळक ठेवा. आमच्याकडे वेळ नसतो. दोन तासांत उत्तर देणाऱ्याचा मध्यम फोटो जातो, आठवड्याने देणाऱ्याचा सुंदर फोटो राहतो.

आणखी एक, उभे फोटो काढा हो! सगळे आडवेच काढतात. वर थोडं आभाळ सोडा, आम्हाला मजकूर टाकायला जागा लागते.

टणटणी

पानजुळणी, हे सोन्यासारखं आहे. वर्णन इंग्रजीत लिहायचं की मराठीत?

पानजुळणी

दोन्ही. आधी एक साधं इंग्रजी वाक्य, मग मराठी. कीवर्डमध्ये मराठी शब्द देवनागरीत आणि इंग्रजी लिपीतही. ‘बैलपोळा’ हा शब्द इंग्रजी लिपीत तीन तऱ्हांनी लिहिला जातो, तिन्ही टाका. ‘सुंदर’, ‘निसर्ग’, ‘शांतता’ असले शब्द मात्र आम्ही कधीच शोधत नाही.

मोहोळ

फुलांच्या फोटोंना शास्त्रीय नाव हवंच. नुसतं ‘जांभळं फूल, सह्याद्री’ लिहिलेला फोटो वनस्पतीशास्त्राचं पुस्तक करणारा घेणार नाही. आणि जुनं-नवं दोन्ही नावं घाला. कारवी कुठे स्ट्रोबिलँथिस कॅलोसा म्हणून सापडते, कुठे कार्व्हिया कॅलोसा म्हणून. शोधणाऱ्याच्या हातात कुठलं पुस्तक आहे ते तुम्हाला माहीत नसतं. फक्त फुलाचा क्लोजअप देऊ नका. पान, खोड, झाडाचं एकूण रूप असा संच द्या. संचाला मागणी जास्त.

आता कळकळीचा मुद्दा. चढवण्याआधी जीपीएस काढून टाका. मोबाइल, आणि आजकालचे बरेच कॅमेरे मोबाइलला जोडले की, अक्षांश-रेखांश फायलीत घालतात, आणि होस्टिंग साइट ते उत्साहाने नकाशावर टाचणी लावून दाखवतात. कंदीलपुष्पाच्या काही जाती सह्याद्रीत एखाद-दुसऱ्या कड्यावरच उरल्यात. त्यांचे कंद उकरून नेतात. फोटोखाली ‘सातारा जिल्हा’ एवढं पुरे. फ्लिकरवर स्थान कुणाला दिसावं हे ठरवता येतं, ठरावीक भागाभोवती कुंपणही घालता येतं, पण माझं मत विचाराल तर फायलीतूनच काढा. साइटच्या सेटिंगवर विसंबू नका. घरट्यातल्या पिल्लांचे फोटो तर टाकूच नका, ना नकाशासकट ना नकाशाविना.

निवडुंग

मोहोळ +१.

फायलीतल्या माहितीचा विषय निघालाय तर पुढचं सांगतो, कारण माझ्या मते होस्टिंग निवडताना हाच निकष पहिला लावावा. शीर्षक, वर्णन, कीवर्ड, तुमचं नाव, संपर्क हे सगळं साइटच्या रकान्यांत न भरता आधी फायलीतच भरायचं. त्याला आयपीटीसी मेटाडेटा म्हणतात. लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये जमतं, डिजीकॅममध्ये फुकटात जमतं. एकदा भरलं की तीच फाइल शटरस्टॉकला द्या, अडोबीला द्या, फ्लिकरला द्या, रकाने आपोआप भरतात. उद्या साइट बंद पडली तरी तुमची मेहनत फायलीत शिल्लक राहते. साइटवर टंकलेली वर्णनं साइटबरोबर जातात.

आता गंमत अशी की काही साइट फोटोच्या छोट्या प्रती बनवताना ही माहिती खरडून काढतात. म्हणून पैसे भरायच्या आधी चाचणीच्या मुदतीत एक करा. आपलाच एक फोटो चढवा, दुसऱ्या ब्राउझरमधून, लॉगिन न करता, मधल्या मापाचा उतरवून घ्या आणि त्यात तुमचं नाव शिल्लक आहे का पाहा. नसेल तर ती सेवा स्टॉकच्या कामाची नाही, मग पान कितीही देखणं असो.

ऑगस्ट २०२० पासून गूगलच्या चित्रशोधात ‘परवाना मिळू शकतो’ अशी खूण येते. त्यासाठी आयपीटीसीमधल्या ‘वेब स्टेटमेंट ऑफ राइट्स’ रकान्यात तुमच्या अटींच्या पानाचा पत्ता लागतो, आणि ‘लायसेन्सर’ भागात फोटो कुठून विकत घ्यायचा त्या पानाचाही दिला तर उत्तम. पानजुळणीबाईंसारख्यांना तुम्ही सापडायचा हा सरळ रस्ता, आणि तो माहिती खरडणाऱ्या साइटवर बंद होऊ शकतो.

सेवांबद्दल थोडक्यात. मोफत फ्लिकर खातं धंद्यासाठी नाहीच, नियमात तसं आहे. प्रो घ्या किंवा नुसतं लोकांना सापडण्यापुरतं वापरा. तिथे बघणारे खूप, विकायची यंत्रणा नाही. स्मगमगवर गॅलरीला पासवर्ड, वॉटरमार्क, डाउनलोडची किंमत हे सगळं आहे. प्रिंट विकल्या तर नफ्यातला ८५ टक्के तुमचा, पण त्यांच्या प्रिंट लॅब अमेरिका-इंग्लंडच्या, त्यामुळे कराडच्या गिऱ्हाइकाला फ्रेम विकायला त्याचा उपयोग शून्य. फोटोशेल्टर मुळात व्यावसायिक छायाचित्रकारांसाठीच, वापरानुसार परवान्याचे दर ठरवायची सोय आहे, पण तुमच्या चहा-वडापावच्या हिशेबात महाग पडेल.

सदूभाऊ_कोरेगावकर

वॉटरमार्कचं काय? मी मधोमध मोठा टाकतो. कोपऱ्यातला कापून नेतात.

पानजुळणी

मधोमध मोठा असेल तर मी तो फोटो संपादकांना दाखवूच शकत नाही. पानावर तात्पुरता बसवून बघायला एक स्वच्छ छोटी प्रत लागते.

सदूभाऊ_कोरेगावकर

आणि तीच छोटी प्रत पुस्तकात छापून मोकळे झाले म्हणजे? माझ्या बाबतीत झालंय हे. नाव घेत नाही.

पानजुळणी

हजार पिक्सेलची प्रत पूर्ण पानावर छापली तर चौकोन दिसतात. पण वेबसाइटवर चालून जाते हे खरं, तिथे तुमचा मुद्दा मान्य.

निवडुंग

सार्वजनिक पानावर हलका वॉटरमार्क, लांब बाजू १००० ते १२०० पिक्सेल. मागणी आली की त्या एका माणसाला स्वच्छ छोटी प्रत. पूर्ण मापाची फाइल सार्वजनिक होस्टिंगवर ठेवायचीच नाही. सदूभाऊंना पटणार नाही, ते मधोमधच टाकणार.

सदूभाऊ_कोरेगावकर

टाकणारच.

काळा_कोट

धाग्याचा काश्मीर व्हायच्या, म्हणजे नुसती भांडणं पेटायच्या आत कायद्याचं सांगतो.

टणटणी, लग्नाच्या किंवा कंपनीच्या ऑर्डरी घेत असाल तर ते फोटो स्टॉकवर चढवण्याआधी कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७ वाचा. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो सांगणारा असतो, वेगळा करार केलेला नसेल तर. फोटोग्राफर नव्हे. आपल्याकडे बहुतेकांना हे उलटं वाटतं. स्वतःच्या मनाने काढलेल्या फोटोचे हक्क मात्र तुमचे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ते तुमच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं.

दुसरं, होस्टिंग साइटवर परवाना निवडायची जी यादी उघडते, तिथे घाईत क्रिएटिव्ह कॉमन्सवर (सीसी, म्हणजे ठरलेल्या अटींवर कुणालाही फुकट वापरू देणारा परवाना) टिचकी मारू नका. तो परवाना मागे घेता येत नाही. नंतर पानावर ‘सर्व हक्क राखीव’ केलंत तरी ज्याने आधी घेतला त्याचा हक्क कायम राहतो. आणि मग कुठल्या गिऱ्हाइकाला ‘हा फोटो फक्त तुम्हालाच देतोय’ असं तुम्ही कुठल्या तोंडाने सांगणार?

तिसरं, फोटोचा परवाना वेगळा आणि फोटोतल्या माणसाची संमती वेगळी. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हर्जिन मोबाइलने फ्लिकरवरचा एक सीसी परवान्याचा फोटो जाहिरातीच्या फलकावर लावला. फोटोत टेक्सासची एक शाळकरी मुलगी होती, तिला कुणी विचारलंच नव्हतं. घरच्यांनी दावा ठोकला. फोटो काढणाऱ्याने परवाना दिला होता, पण मुलीच्या वतीने तो संमती कशी देणार? बाजारातल्या भाजीवाल्या मावशी ओळखू येत असतील तर जाहिरातीसाठी विकायला त्यांची मॉडेल रिलीजवर, म्हणजे संमतीपत्रावर सही हवी. लहान मूल असेल तर पालकांची.

एडिसनकर_पक्या

काळा_कोट यांच्या सीसीच्या मुद्द्याला पुरवणी. याहूने २०१४ मध्ये फ्लिकरवरच्या सीसी परवान्याच्या १० कोटी फोटो-व्हिडिओंचा गठ्ठा संशोधनासाठी खुला केला. त्यातले जवळपास १० लाख फोटो आयबीएमने चेहरे ओळखण्याच्या संशोधनात वापरल्याचं २०१९ मध्ये बाहेर आलं. ज्यांचे चेहरे त्यांना पत्ता नाही, ज्यांनी फोटो काढले त्यांनाही नाही. एजन्सीवाले तरी वेगळे कुठे आहेत? अडोबीने फायरफ्लाय हे चित्रं बनवणारं एआय स्वतःच्या स्टॉक संग्रहावर शिकवलं, शटरस्टॉकने ओपनएआयला त्यांचं एआय शिकवायला माल पुरवला. एवढंच की दोघांनीही फोटोवाल्यांना काहीतरी पैसे दिले. होस्टिंगच्या अटींत ‘मशीन लर्निंग’ हे शब्द शोधून बघत जा.

आणि अमेरिकन एजन्सीवर खातं असेल तर डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी कराचा फॉर्म भरलाय का? भारत-अमेरिका कर करारामुळे अमेरिकेतल्या विक्रीवरच्या रॉयल्टीतून १५ टक्के कापतात. फॉर्म नसेल तर ३०.

बेरकी_बोका

म्हणजे पहाटे चारला उठा, कासला जा, जळवा लावून घ्या, घरी येऊन तीन लिप्यांत पोळा लिहा, जीपीएस पुसा, सही घ्या, फॉर्म भरा, आणि मिळणार दहा सेंट. वरून १५ टक्के कापून.

निवडुंग

बोका, दहा सेंट सूर्यास्ताला मिळतात, कारण सूर्यास्त प्रत्येकाकडे आहे. तिवड्याभोवतीच्या पातीचा फोटो दहा सेंटला देऊ नका, एवढंच तर मी मघापासून सांगतोय. सगळीकडे मिळणारं ते एजन्सीवर सोडा. जे दुसऱ्या कुणाकडे नाही ते एजन्सीला देऊच नका, स्वतःच्या पानावर ठेवा, दर स्वतः सांगा.

टणटणी

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन ठिकाणची चाचणीची मुदत घेतोय, निवडुंगने सांगितलेली उतरवून बघायची परीक्षा आधी. जीपीएस आज रात्रीच काढायला बसतो. सदूभाऊ, विपू (विचारपूस) बघा, तुमच्या बिलाचा नमुना हवाय.

काळा_कोट, एक शंका राहिली. वारीचे फोटो बरेच आहेत. हजारो माणसं, कुणाकुणाची सही घेणार? ते विकायचेच नाहीत का?

काळा_कोट

विका की. एडिटोरियल म्हणून, म्हणजे बातमी, लेख, पाठ्यपुस्तक अशा माहितीपर वापरासाठी. त्याला रिलीज लागत नाही. फक्त जाहिरातीला आणि मालाच्या वेष्टनावर चालणार नाही, ही अट तुमच्या पानावर आणि बिलावर दोन्हीकडे लिहा. शटरस्टॉकवर एडिटोरियलचं वर्णन ठरलेल्या साच्यात द्यावं लागतं: आधी शहर, मग राज्य किंवा देश, मग महिना, दिवस, वर्ष आणि त्यापुढे घटना. तोच साचा होस्टिंगवरही वापरा, पानजुळणीबाईंचंही काम सोपं होईल. तारीख कॅमेऱ्यातली खरीच घाला, आणि एडिटोरियल फोटोतून विजेची तार, शेजारचा मोबाइल टॉवर असलं काही पुसू नका. तेवढ्यावर फोटो परत येतो.

पानजुळणी

आणि पालखी कुठली तेही लिहा. ज्ञानोबांची की तुकोबांची हे न कळल्यामुळे दर वर्षी आमच्याकडे एखादा फोटो बाजूला पडतोच.